आवळलेलं फडकं

आंजीच्या भागीरथाबाईंना कुठलंही आमंत्रण आलं, की त्यांची गाय व्यायला आलेली असायची. पुतणीचं लग्न आलं, तर गाय आज-उद्या व्यायणार. भाच्याचं घरभरणं आलं, तरी गाय व्यायणारच. शेवटी नालवाडीच्या बहिणीने एक दिवस फोनवर हिशेबच काढला.

"भागी, तुही गाय चौदा महिन्यांपासून गाभण हाय. तुह्या गोठ्यात गाय हाय का हत्तीण?"

फोन स्पीकरवर होता. घरातले सगळे हसले. भागीरथाबाईही हसल्या, पण हसताना त्यांचा एक हात झटकन पोटावर गेला. तो हात कोणी पाहिला नाही.

गावाने आपापल्या परीने अर्थ लावून टाकला होता. कोणी म्हणे, बुढीले गर्व चढला. कोणी म्हणे, सुनेशी पटत नाही म्हणून घर सोडत नाही. कापूस वेचताना बाकीच्या बाया जेवायला बसायच्या, तेव्हा भागीरथाबाई झाडाला टेकून उभ्या-उभ्याच भाकर खायच्या. त्यावरही बोलून झालं होतं. त्यांचे यजमान रूपराव यांनीही मनाशी एक कारण ठरवलं होतं. ते पुढे कळेलच.

खरं कारण एकट्या भागीरथाबाईंना ठाऊक होतं. सहा वर्षांपासून त्यांचं अंग बाहेर येत होतं. चार बाळंतपणं, प्रत्येक बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी शेत, आणि डोक्यावर कापसाचं गाठोडं. गर्भाशयाला खालून तोलून धरणारे मऊ पडदे आणि पट्टे ओढून-ओढून ढिले पडले आणि पिशवी खाली घसरली. बसलं की टोचायचं, शिंकलं की लुगडं ओलं व्हायचं. मग सव्वा तास हादरे खात एसटीत कोण बसणार? वाचकहो, आपल्या गावात हे दुखणं दर चार-सहा घरांआड असेल, पण त्याचं नाव कोणाच्याच घरात निघत नाही.

उपाय मात्र होता. तो सासूने त्यांना गोठ्यात नेऊन कानात सांगितला होता. जुन्या लुगड्याची चार बोटं रुंद, सात हात लांब पट्टी फाडायची आणि पोटावर करकचून आवळायची. भागीरथाबाई ती रोज आवळत होत्या. दुखणं वाढलं की आणखी घट्ट आवळायच्या.

एका दुपारी त्यांची नात गुंजन तारेवरचे कपडे काढत होती. गुंजन नववीत. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या आंजीला माहीत. एका साडीखाली लपवून वाळत घातलेली पट्टी तिच्या हाताला लागली.

"आजी, हे काय वं?"

"म्हशीचं दावं हाय. ठेव तिकडं."

"म्हैस तं आबांनी कवाच इकली. मंग दावं रोज धुवाचं कायले?"

भागीरथाबाईंनी आधी दटावलं, मग विषय बदलला, मग गूळ-शेंगदाणे देऊ केले. गुंजनने गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि प्रश्न तिथेच धरून ठेवला. अर्ध्या तासात सहा वर्षांची गोष्ट बाहेर आली. 'कोणाले सांगजो नको' अशी शपथही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या आरोग्याचं काम पाहणारी आशाताई सुलोचना दारात हजर! बारा वर्षं ती या कामात होती. गावातली कुठली बाई कितव्या महिन्यात आहे, हे त्या बाईच्या नवऱ्याआधी सुलोचनाला कळायचं. रांजणात डासांच्या अळ्या पाहायला आले, असं तिने सांगितलं. रांजणात वाकून पाहिलं. पाणी आरशासारखं होतं. तरी ती गेली नाही. भागीरथाबाई अंगणात छोट्या स्टुलावर टेकून दाभणाने एक पोतं शिवत होत्या, त्यांच्यासमोरच ती बसली.

"मावशी, नवं पोतं दिसते. शिवून काऊन राह्यल्या?"

"बुड उसवलं त्याचं. तूर गळते खालून."

"मंग तोंड आवळून टाका ना घट्ट."

भागीरथाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सुलोचना, डोकं ठिकाणावर हाय ना? वरून आवळलं तं खालून जास्त गळन. बुडच शिवा लागते."

"हेच तं सांगाले आली मी."

दाभण थांबलं. भागीरथाबाईंनी मान वळवून गुंजनकडे पाहिलं. गुंजन आकाशात काहीतरी फार महत्त्वाचं पाहत होती.

"हे पोट्टी..." भागीरथाबाई दात आवळून म्हणाल्या.

"तिच्यावर नका रागावू," सुलोचना म्हणाली. "मावशी, पोट आवळलं की आतला सगळा दाब खाली जाते. सहा वर्षं तुमाले वाटलं, फडकं वर धरून राह्यलं. ते तं खाली ढकलून राह्यलं."

"बाईच्या जातीले हे असतेच बापा. माह्या सासूले होतं. तिच्या सासूले असन."

"तिच्या सासूले मोतीबिंदूबी असन. मंग तुमी काऊन ऑपरेशन करून आल्या?"

"डोया दाखवता येते माय," भागीरथाबाईंचा आवाज खाली आला. "हे कोणाले दाखवू?"

सुलोचनाजवळ याचं उत्तर होतं, पण ते देण्याआधीच गुंजन आकाशातून खाली उतरली. आजीच्या शेजारी येऊन बसली आणि अगदी सरळ विचारलं,

"आजी, उद्या मीबी मोठी होईन. मले लेकरं होतीन. अन् मले असं झालं, तं तू मले काय सांगशीन? गोठ्यात नेऊन फडकं देशीन?"

भागीरथाबाईंनी नातीकडे पाहिलं. ही पोरगी चालत कधी यायचीच नाही, धावतच यायची. हसायला लागली की जमिनीवर लोळायची. हीच पोरगी पन्नाशीत झाडाला टेकून उभी आहे, एक हात पोटावर आहे आणि हसू ओठातल्या ओठात गिळते आहे, असं त्यांना दिसलं.

"नाई!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या, की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. "माह्या गुंजनच्या कमरेले हे फडकं नाई येनार! सुलोचना, कोनत्या दवाखान्यात जावं लागते, सांग!"

मग लगेच आवाज उतरवून म्हणाल्या, "पन यायले, गुंजनच्या आबाले, नको सांगजो."

"यायले कळलं," मागून आवाज आला.

रूपराव दारात उभे होते. हातातली वैरणीची पेंडी तशीच होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पेंडी हळूच खाली ठेवून ते उंबऱ्यावर बसले.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं मले वाटलं, मी म्हैस इकली म्हणून तू रुसली."

"कोनती म्हैस?"

"भुरी. तवापासूनच तं तू माह्यासंगं बाजारात येनं सोडलं. हसनं सोडलं. मी मनात म्हटलं, लयच जीव होता बापा हिचा भुरीवर."

"म्हशीपायी कोनी सहा वर्षं रुसते काय?"

"तू रुसू शकतं," रूपराव प्रामाणिकपणे म्हणाले.

सुलोचनाने हातातल्या रजिस्टरमध्ये तोंड खुपसलं. भागीरथाबाई हसल्या, आणि हसता-हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढी वर्षं एका घरात राहून एक माणूस दुखणं लपवत होता आणि दुसरा अपराध!

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर रोशनी यांनी त्यांना तपासलं. रोशनी मॅडम बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं.

"मावशी, दुखणं थोडं असतं तर व्यायामाने भागलं असतं. कोणाकोणाला आधारासाठी आत एक रिंग बसवतो. तुमची पिशवी बरीच खाली आली आहे, त्यामुळे शस्त्रक्रिया चांगली. ढिले पडलेले पडदे शिवून घट्ट करायचे आणि पिशवीला वर आधार द्यायचा."

"पिशवी काढान का?" रूपरावांनी घाबरत विचारलं.

"प्रत्येक वेळी काढावीच लागते असं नाही, बाबा. यांची चांगली आहे. आपण ती ठेवून तिला टेकू देऊ."

आता भागीरथाबाईंचं शिवणकाम जागं झालं. आयुष्यभर पोती, वाकळी, झुली शिवलेली बाई ती. लाज कुठल्या कुठे गेली.

"डॉक्टरीनबाई, जुन्या कपड्याले टाका धरत नाई. ओढला की फाटते. तुमी टाका नेमका कायच्यात मारान?"

रोशनी मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बरोबर विचारलंत. ढिल्या मांसाला नुसता टाका घातला तर तो टिकत नाही. पण आत, पाठीच्या बाजूला, एक मजबूत पट्टा असतो. तुमचाच, जन्मापासूनचा. तो सहसा ढिला होत नाही. तिथे टाका अडकवायचा."

"एवढ्या आत सुई जाते?"

"हाताने नेणं अवघड असतं. म्हणून हे." त्यांनी कपाटातून सरावासाठी ठेवलेलं एक उपकरण काढलं. लांब दांडा, टोकाला छोटा आकडा. मूठ दाबली की आकड्यातून सुई बाहेर यायची, टाका घ्यायची आणि पलीकडे स्वतःच पकडली जायची. त्यांनी स्पंजच्या तुकड्यावर करून दाखवलं. भागीरथाबाईंनी ते हातात घेतलं आणि तीन वेळा दाबून पाहिलं.

"माय वं! एकाच हातानं घालते अन् एकाच हातानं काढते. अन् हे कपाटातली दुसरी सुई वाकडी काऊन?"

"आत हात वळवायला जागा नसते, म्हणून सुईच वळलेली."

"अन् धागा?"

"पडद्यांचा धागा काही आठवड्यांनी विरघळतो."

"विरघयते? मंग शिवण उसवन ना!"

"तोवर तुमचं मांस आपसात जुळलेलं असतं. धाग्याचं काम फक्त तेवढा वेळ धरून ठेवायचं."

"म्हंजे कच्ची शिवण," भागीरथाबाई समाधानाने म्हणाल्या. "पक्की शिवण देहच घालते."

"मावशी, हे वाक्य मी उद्या विद्यार्थ्यांना सांगणार," रोशनी मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी धोकेही सांगितले. रक्तस्राव होऊ शकतो, जंतू लागू शकतात, काहींना पुन्हा त्रास होतो. काही लपवलं नाही. कागद पुढे केला, तेव्हा रूपरावांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं.

"सही मावशींची," मॅडम म्हणाल्या. "अंग त्यांचं आहे."

रूपरावांनी ते उघडलेलं पेन बायकोच्या हातात दिलं. भागीरथाबाईंनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, आपलं पूर्ण नाव लिहिलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. सगळं काही लगेच गोड झालं असं नाही. पहिले आठ दिवस दुखलं, आणि भागीरथाबाईंनी सुलोचनाला दोन-तीन शिव्याही दिल्या. खरी परीक्षा घरीच होती. तीन महिने ओझं उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, आणि पुढेही जड ओझं नाहीच. सूनबाई स्वयंपाक सांभाळत होती, म्हणून नळावरचं पाणी रूपरावांकडे आलं. पहिल्या दिवशी ते पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, घेऊन निघाले, तर पारावर बसलेले पुंडलिकराव म्हणाले,

"काऊन रूपराव, बायकोनं कामाले लावलं?"

"व्हय," रूपराव म्हणाले. "तीस वर्षं तिनं भरलं, तवा तुमी काई इचारलं नाई. आता माह्याच भरण्यात काय पाह्यता?"

पुंडलिकरावांनी मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्या दिवसापासून ते पारावर नळाकडे पाठ फिरवून बसायचे. घरी काय बोलणं झालं माहीत नाही, पण पंधरा दिवसांनी तेही गुंड घेऊन नळावर दिसले.

मग दिवाळीनंतर कापूस फुटला. वेचणीच्या पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भागीरथाबाई बांधावर चांगल्या मांडी घालून बसल्या. समोर भाकर, ठेचा, कांदा. बाकीच्या बायांचे घास हातातच राहिले.

"मामी, तुमी बसल्या?" एकीने विचारलं.

"बसली. अन् काऊन बसत नवती तेबी सांगतो, ऐका."

त्यांनी सगळं सांगितलं. आडून नाही, कानात नाही, शेतात ऐकू जाईल अशा आवाजात. फडकं, शिंक, गाईचं खोटं बाळंतपण, वाकडी सुई, सगळं. गाईच्या गोष्टीला बाया पोट धरून हसल्या. मग हसणं ओसरलं. पासष्टीच्या आनंदाबाई मातीत बोटाने रेघा ओढत होत्या. रेघा ओढता-ओढताच त्या म्हणाल्या,

"माह्यंबी तेच हाय. वीस वर्षं झाले."

त्यांच्या शेजारची सून चमकून पाहू लागली. "आत्याबाई, तुमी कधी सांगितलं नाई?"

"कधी कोनी इचारलं?"

मग एक हात वर झाला. मग आणखी एक. त्या संध्याकाळी एकाही बाईने डोक्यावर गाठोडं घेतलं नाही. रूपरावांनी बैलबंडी जुंपून थेट वावरात आणली होती.

पुढच्या सोमवारी आंजीच्या थांब्यावर वर्ध्याच्या एसटीत एकदम सात बाया चढल्या. भागीरथाबाई सगळ्यांत पुढे, हातात सगळ्यांच्या आधार कार्डांची पिशवी. शाळेला सुट्टी होती, म्हणून आठव्या नंबरला गुंजनही.

"बायांची अर्धी तिकिटं," कंडक्टर यंत्र दाबत म्हणाला. "कोनाच्या लग्नाले चालल्या सगळ्या?"

आनंदाबाईंनी पदर तोंडावर घेतला. भागीरथाबाईंनी तो त्यांच्या हातून सोडवला आणि पूर्ण गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"लग्नाले नाई बापा. आमचं अंग बाहेर येते, ते शिवाले चाललो. तुह्या मायलेबी इचारून पाह्यजो."

 कंडक्टरने मान खाली घातली आणि यंत्रातून आठ तिकिटं काढून दिली. पुढच्या थांब्यापर्यंत त्याने बाकीच्यांची तिकिटं काढली. मग वळून आला आणि हळूच विचारलं, "मावशी, त्या डॉक्टरीनबाई कोनत्या वारी बसते?"

मायबापहो, फाटलेलं शिवायला सुई आहे, धागा आहे, ते वापरणारे हुशार हात आहेत. वर्ध्याचा रस्ताही आहे. आपल्याकडे कमी आहे ती फक्त एका प्रश्नाची. आज घरी गेल्यावर आपल्या आईला, आजीला, सासूला जवळ बसवा आणि विचारा, "तुले काई होते का वं?" आणि ती "काई नाई" म्हणाली, तर उठू नका. आणखी थोडा वेळ बसून राहा.