नडी आणि नडली

उमरगा मागे पडलं तेव्हापासून निंगव्वाने नवऱ्याशी मराठी बोलणं टाकलं होतं. जोतिरामला कानडी कळत नव्हतं असं नाही. वळसंगची कानडी बायको करून, तिला ट्रकच्या डाव्या सीटवर बसवून त्याने अर्धं आयुष्य रस्त्यावर काढलं होतं. पण तो पडला माळशिरसकडचा. ती काहीही बोलली तरी उत्तर मराठीतच द्यायचा. आज ती एकेक कानडी शब्द भांडं आदळावं तसा टाकत होती आणि तो नुसता हॉर्न दाबत होता.

उमरग्याच्या ढाब्यावर हात धुताना तिने त्याचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. पलीकडे त्याचा चुलतभाऊ सिदू होता. "गोदामावर ये. कापडं घिऊनच ये. हिला मंद्रूपला सोडतो आन फुडच्या खेपेला आपन दोगं निगू."

"मला इचारलं का तुमी?" तिने विचारलं होतं. ते तिचं त्याच्याशी शेवटचं मराठी.

"काय इचारायचं त्यात? नाक्यावर पोरं हसत्यात. जोत्याची गाडी बायकू चालवती म्हनत्यात. वय झालं तुजं. आता सुनंच्या हातचं खा."

सुनेच्या हातचं. मुलाच्या मंद्रूपच्या घरात निंगव्वाची खाट दाराआड, ज्वारीच्या पोत्यांना लागून होती. सून वाईट नव्हती, पण निंगव्वा आली की पाहुणी आल्यासारखा कपबशीतून चहा द्यायची, आणि चार दिवस झाले की विचारायची, "अत्ती, गाडी कवा निगायची?" निंगव्वाचं खरं घर या केबिनमध्ये होतं. ही सीट गेली, की तिला जगात कुठेच आपली म्हणून टेकायला जागा उरणार नव्हती.

ती या सीटवर बसायला लागली तेव्हा हैदराबादचा रस्ता एकेरी होता. दोन्ही अंगांना कडुलिंबाची झाडं होती, एवढी दाट की भर दुपारी टपावर फांद्या खरवडत जायच्या. समोरून गाडी आली की डावी चाकं मातीत उतरवावी लागत, आणि किती उतरवायची ते ती सांगायची. नळदुर्गच्या अलीकडे एक म्हातारी मडक्यातलं ताक विकायची. निंगव्वाला बघितलं की "आली गं माजी डायवरीन" म्हणून वरून लोणी घालायची. आता रस्ता चौपदरी झाला. लिंबं गेली, म्हातारीही गेली. तरी डावी बाजू निंगव्वाचीच राहिली. गाडी भरली की ताडपत्री फुगून आरसा झाकायची. जोतिराम डावीकडे बघायच्या भानगडीत पडायचाच नाही, तिच्या सांगण्यावर चालायचा.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला सुताच्या गाठी उतरवायच्या होत्या. गोदामाच्या गेटाशीच सिदू उभा होता. मेंढरं विकून मोकळा झालेला, मिशीला तेल, पायाशी बॅग.

"वैनी, लई हिंडलासा की," खिडकीखाली येऊन तो म्हणाला. "आता घरी पाय पसरून बसा."

"तुजी मेंढरं संपली म्हनून माजा नवरा हाकाय आलास व्हय?"

सिदूचं हसू गेलं. जोतिराम म्हणाला, "तोंड आवर. डावीकडं बघ."

गेट अरुंद, त्यात रस्त्यावरून एकदम डावीकडे वळण. निंगव्वाने खिडकीतून अंग बाहेर काढलं. एरवी ती म्हणाली असती, "चला, चला." आज मुद्दाम तोंड वाकडं करून म्हणाली, "नडी, नडी." कानडीत नडी म्हणजे चल. गाडी पुढे सरकली. मागचा कोपरा खांबाकडे झुकला. हट्ट, राग सगळं ती विसरली आणि तोंडातून त्याची भाषा आली, "नडली."

नडली म्हणजे अडकली. पण दोन नडी ऐकलेल्या कानाला तिसरीही नडीच वाटली. जोतिरामने गाडी दाबली. खांब कडकडला, वरच्या विटा खाली आल्या, आणि ट्रक अर्धा आत, अर्धा रस्त्यात, रुतून बसला.

गोदामाचा मुकादम बसवराज धावत आला. "बाईमानसाच्या भरोशावर गाडी घालता व्हय? खांब कोन बांदून देनार?"

"ती नडी म्हनली," जोतिराम म्हणाला. "मी घातली."

"म्हंजे वैनीनंच चल म्हनलं की," सिदू लगेच बोलला.

"मी नडली म्हनलं."

"नडी म्हनलीस तू."

"नडली."

मागे हॉर्न वाजू लागले. सिदू पुढारीपणाने मागे गेला आणि "येऊ द्या, येऊ द्या," ओरडू लागला. उभा मात्र उजवीकडे. गाडी हातभर मागे आली, तसा खांब आणखी कलला आणि बसवराजने आईबहीण काढली. जोतिरामचा पाय ब्रेकवर गेला तो तिथेच राहिला.

"निंगे, उतर. बग जरा."

ती हाताची घडी घालून बसली. चूक अर्धी तिची होती, हे तिला कळत होतं. उमरग्यापासूनचा हट्ट नसता तर हे झालं नसतं. पण ते ती आज त्याच्यापुढे कबूल करणार नव्हती.

"कुटल्या भाषेत सांगू?" ती म्हणाली. "तुमाला ऐकू काय येतं ते आदी ठरू दे."

"भर रस्त्यात तमाशा करू नगंस."

"मग बसा. मला कसली घाई हाय? मंद्रूपलाच तर जायचंय."

हॉर्न वाढले. कुणीतरी मागून दारावर थाप मारली. जोतिरामच्या मानेची शीर फुगली होती. तो पुटपुटला, "व्हय. नडली म्हनली असशील."

"मला ठावं हाय. तिकडं सांगा."

त्याने तिच्याकडे असं बघितलं, की दुसरी कुणी असती तर तिने मान खाली घातली असती. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मुकादम, ती नडली म्हनली हुती. माजा कान चुकला. खांब मी बांदून देतो."

"आरं पन दादा—" सिदू म्हणाला.

"गप."

निंगव्वा खाली उतरली. खांबाशी उभी राहून तिने सरळ मराठीत, शब्द तोडून तोडून गाडी मागे घेतली. कोपरा सुटला. ती परत आली तर तेवढ्यात सिदूने तिच्या सीटवर आपली बॅग चढवली होती. तिने ती उचलली, त्याच्या पायाशी सोडली आणि वर चढून बसली.

"सिद्याला शब्द दिलाय मी," जोतिराम म्हणाला.

"दिला आसंल. मला न्हाई दिला कुनी."

गाडी पुन्हा त्याच गेटातून आत घालायची होती. त्याने गियर टाकला, पण चाक हललं नाही. तो वाट बघत होता, आणि वाट बघावी लागते म्हणून दात खात होता.

"ह्ये आजच्यापुरतं," तो म्हणाला.

"उद्याचं उद्या भांडू," निंगव्वा म्हणाली, आणि त्याच्याकडे पाठ करून तिने डाव्या खिडकीतून मान बाहेर काढली.