जुन्या व्हर्जनचा आवाज

ओट्यावरची डबी गप्प झाली, म्हणून आईने थोरलीला बोलावून घेतलं.

ती डबी धाकट्याने बनवलेली. औषधाची वेळ झाली की त्याच्याच आवाजात विचारायची, "आई, गोळी घेतलीस?" धाकटा अचानक गेला, डबी मात्र बोलत राहिली.

थोरली पोटापाण्यासाठी प्रोग्रामच लिहायची. लॅपटॉप जोडताच दुखणं तिच्या लक्षात आलं. डबीने नेटवरून परस्पर अपडेट घेतलं होतं. आवाज वाजवणारी लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम वापरतो तो तयार कोड, नवी झाली होती आणि धाकट्याचा प्रोग्राम जुन्याच व्हर्जनसाठी अडून बसला होता. अगदी त्याच्यासारखाच हट्टी. तिने प्रोग्राममध्ये थोडे बदल करून तो नव्या लायब्ररीशी जुळवला.

"आई, गोळी घेतलीस?" आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ होता.

"घेतली रे," आई म्हणाली. मग वाट बघत राहिली. "हा तो नाही."

"त्याचाच आवाज आहे, आई."

"आवाज त्याचा आहे गं. पण घेतली म्हटलं की तो 'बरं' म्हणतो."

डबीला माइकच नव्हता. तिला ऐकू येणार कुठून? पण म्हाताऱ्या जिवाशी वाद कशाला? थोरलीने आपले बदल काढून टाकले, जुनी लायब्ररी शोधून परत बसवली.

"आई, गोळी घेतलीस?"

"घेतली."

"बरं," डबीतून आलं.

थोरलीने रेकॉर्डिंगचं फोल्डर उघडलं. 'बरं' कुठेच नव्हतं. प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. डबीचं झाकण काढून आत पाहिलं. एक छोटा बोर्ड, एक स्पीकर, दोन वायरी, बस.

"सापडलं का काही?" आईने विचारलं.

"नाही."

नवी लायब्ररी पुन्हा टाकली असती तर सगळं सुरळीत चाललं असतं. तरी थोरलीने जुनं व्हर्जनच कायमचं पक्कं करून टाकलं, अपडेट बंद केलं, डबीचं नेटही तोडलं.

निघताना तिने दार ओढून घेतलं. जिन्यात तिला आईचं बोलणं ऐकू आलं. आई थांबत होती, पुन्हा बोलत होती. मग ती खळखळून हसली. धाकटा गेल्यापासून आई तशी हसली नव्हती.

थोरली कठडा धरून तिथेच उभी राहिली. परत वर जायची तिची छाती झाली नाही.