तिसऱ्या नंबरचं कंपन

नव्या विमानाचा पंख हलका झाला आणि शिवाय जास्त सुरक्षितही झाला, असं गोडबोल्या बैठकीत सांगत होता तेव्हाच मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. दोन्ही एकदम मिळतं ते फक्त जाहिरातीत.

माझं काम फ्लटरचं. एका ठरावीक वेगापुढे पंख वाऱ्यातूनच जोर घेऊन थरथरू लागतो, थरथर वाढत जाते आणि पापणी लवायच्या आत पंख तुटतो. तो वेग मी गणिताने आधी शोधते. गोडबोल्याचा प्रोग्राम पंखाचा पत्रा जागोजागी पातळ करून वजन उतरवतो. या पंखाच्या वेळी मी नेमकी मोठ्या रजेवर होते. आणि उद्या तो घेऊन चाचणीला उडणार होता माझा धाकटा भाऊ.

"गणित बघू तुझं," मी म्हटलं.

"घ्या ना मॅडम, सगळं घ्या!"

इतक्या खुशीत दिलं म्हणून माझा संशय आणखीच वाढला. पण आकडे खरे होते, एकही फिरवलेला नव्हता. मग मी प्रत्येक कंपनाचा आकार, म्हणजे त्यात पंख कसा वाकतो-पिळतो ते, पडद्यावर काढून बघितला आणि चूक सापडली. कंपनांना नंबर मंदाकडून जलदाकडे असे देतात. पंखाला पीळ देणारं कंपन सगळ्यांत धोक्याचं. ते तिसऱ्या नंबरवर होतं, म्हणून प्रोग्रामला तिसऱ्यावर पहारा ठेवायला सांगितलं होतं. पत्रा पातळ होत गेला तसं ते मंदावून दुसऱ्या नंबरवर घसरलं. तिसऱ्यावर एक गरीब बिचारं कंपन येऊन बसलं आणि प्रोग्राम त्याच्यावरच डोळे लावून खूश! मोकाट सुटलेल्याचा फ्लटर उद्याच्या चाचणीच्या वेगातच येत होता.

"बाई, तुम्ही चहासुद्धा हुंगून पिता," साहेब वैतागले. पण चित्र बघून गोडबोल्याचाच चेहरा उतरला.

"नंबर बघत राहिलो, साहेब. आकार बघितलाच नाही."

तो लबाड निघाला नाही याचं मला थोडं वाईटच वाटलं. उड्डाण रद्द झालं.

संध्याकाळी भाऊ जेवायला आला तो फुगूनच.

"दोन वर्षं वाट बघत होतो, ताई."

"रागव हवं तेवढं. आधी जेव."

त्याने दोन घास खाल्ले आणि मान वर केली. "ती शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं आहेत ना, त्यांचा पंखही याच प्रोग्रामने हलका केला होता ना?"

"हो."

"त्याचे आकार काढले होतेस?"

"आकडे ठीक होते. आणि तू कुठे ती उडवत होतास?"

तोंडातून निघून गेलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. हात न धुताच मी साहेबांना फोन लावला.

"छोटी विमानं सगळी उडायची थांबवा. आत्ताच्या आत्ता."

"सगळी? तिथे काय सापडलं तुम्हाला?"

"काहीच नाही, साहेब. मी बघितलंच नाही."