अण्णांच्या नावावर घातलेली भूक

“बोट घाला! घाला बोट, बघा शिरतंय का!”

योगीराज अप्पा ओरडला आणि कल्याण मंडपातली दोन-अडीचशे माणसं पुढं रेटली. पाटावर एक हडकुळे आजोबा बाही वर करून बसले होते. दंडाला पांढरा दोरा. मागच्या गुरुवारी सगळ्यांदेखत बांधला तेव्हा त्यातून सुनेची करंगळी आरपार जात होती. आज अडली.

“अंग भरलं!” अप्पा म्हणाला.

“भरलं! भरलं!” मंडप दुमदुमला.

मीही ओरडले. खोटं कशाला सांगू? शेजारी आई बसली होती. तिच्याही दंडावर तोच दोरा होता, आणि तोही घट्ट झाला होता.

चार महिने आई वाळत होती. खाणं कमी झालं म्हणावं, तर तेही नाही. नाचणीच्या मुद्द्याचे एकाच्या जागी दोन गोळे, वर भात, आणि दुपारी पुन्हा डबे उघडून बघायची. मी बंगळुरात चिकपेटेमागच्या गल्लीत घरी ब्लाउज शिवते. तिचे ब्लाउज मी तीनदा आत घेतले होते. तिसऱ्यांदा शिवणीत इतकं कापड उरलं की दुसरं माणूस त्यात मावलं असतं.

शेवटी धाकट्या भावानं, गिरीराजनं, आम्हाला अप्पाकडं आणलं. पहिल्याच गुरुवारी अप्पानं डोळे मिटून विचारलं, “घरातलं कोण उपाशी गेलंय?”

आता कुणाच्या घरातलं माणूस पोटभर जेवून मरतं? पण आई हुंदका देऊन रडली. आमचे अण्णा, हणमंतराव, मागच्या वर्षी गेले. शेवटचे अकरा दिवस नाकात नळी होती. हातानं खुणा करून सारभात मागायचे, आणि आम्ही मान हलवून नाही म्हणायचो.

“तोच जेवतोय,” अप्पा म्हणाला. “घास हिच्या तोंडात, पोट त्याचं. हा नुसता दोरा नाही, अम्मा. सात पिढ्यांचा वायफाय आहे! रिचार्ज फक्त तीर्थानं.”

मग नियम. दर गुरुवारी नवा दोरा राखेच्या डब्यातून कोरडाच निघणार, त्या डब्याला अप्पाशिवाय कुणी हात लावायचा नाही. बांधल्यावर मात्र दिवसातून तीनदा तीर्थानं भिजवायचा. एकवीस गुरुवार वजनाच्या काट्यावर चढायचं नाही, अंगाला सुई लावून घ्यायची नाही. लोखंड लागलं की पितर बुजतो, आणि जाताना माणसाला सोबत घेऊन जातो.

तुम्ही हसाल. मीही घरी येऊन हसले असते. पण अण्णांचा हात शेवटी शेवटी थरथरायचा. कॉफीचा लोटा वाटीवर वाजायचा, बारीक, भरभर. एका दुपारी मशीनवर असताना स्वयंपाकघरातून तोच आवाज आला. मी पाय थांबवला. आवाज थांबेना. आत गेले तर आई लोटा धरून बसलेली.

“ऐकलंस?” ती म्हणाली. “हेच आलेत.”

आणि वर्षभरात पहिल्यांदा ती हसली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या ताटात साराच्या दोन वाट्या ठेवायला लागले. मागून तो आवाज आला की मान वळवून बघायची नाही, हेही मी न ठरवता पाळायला लागले. गळ्यात दिवसभर मापाची टेप असते. टेपला अप्पानं बंदी घातली नव्हती, ती मीच घातली. दोरा सांगत होता, आई भरतेय. ब्लाउज सांगत होता, आई संपतेय. मी दोऱ्याचं ऐकलं.

सातव्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी कोरमंगलाची प्रणिता ब्लाउजचं कापड घेऊन घाईघाईनं आली. “ताई, उद्या फंक्शन आहे. आत्ताच कट करा ना, प्लीज!”

“अस्तर आधी पाण्यात घालायला लागतं गं,” मी म्हणाले. हे वाक्य मी वीस वर्षं दिवसातून दहादा म्हणते. “कोरं सूत आहे. भिजलं की आकसतं. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यालाच काखेत काचेल.”

बोलता बोलता मी हातातलं अस्तर खाली ठेवलं.

“ताई? काय झालं?”

“काही नाही. उद्या ये.”

ती गेल्यावर मी कोऱ्या सुताला घट्ट पीळ दिला आणि लाटण्यावर दोन दोरे बांधले. दोन्हींखालून शिसपेन्सिल सहज सरकत होती. एक कोरडा ठेवला. दुसऱ्यावर नळाचं पाणी घातलं, सकाळ, दुपार, संध्याकाळ. तीन दिवसांनी कोरड्या दोऱ्याखालून पेन्सिल जात होती. भिजवलेल्या दोऱ्याखाली तिचं टोकसुद्धा शिरेना.

मग मी आईचा दंड मापला. मापाच्या वहीत पाडव्याला दहा इंच होता. आता सव्वाआठ.

सात गुरुवार मी माझ्याच हातानं दोरा भिजवला होता.

पुढच्या गुरुवारी पाटावर आईची पाळी आली. अप्पानं “बोट घाला” म्हणायच्या आत मी पिशवीतून लाटणं काढलं.

“अप्पा, आधी याचं बघा. यालाही पितर लागलाय. तीन दिवसांत भरलंय बिचारं.”

मागं कुणीतरी फस्सकन हसलं.

“श्रद्धा नसेल तर गुण येत नाही, अम्मा!”

“लाटण्याला कुठं श्रद्धा होती? तरी भरलं. आणि तेही नळाच्या पाण्यानं!”

“अक्का, स्वल्प, जरा गप्प बस!” गिरीराजनं माझा हात ओढला.

मी टेप त्याच्याच हातात दिली. “तूच माप. मोठ्यानं वाच.”

त्यानं मापलं. वहीतलं पाडव्याचं माप बघितलं, पुन्हा टेप लावली. वाचलं मात्र नाही. आईची बाही हळूच खाली केली आणि तोंड फिरवलं. हडकुळ्या आजोबांची सून उठून जवळ आली. “आमचंही मापा,” म्हणाली. अप्पा माइकमध्ये मंत्र म्हणू लागला, पण त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. सगळे आपापला दंड चाचपत होते.

तिथूनच आम्ही ऑटोनं शिवाजीनगरला डॉक्टर श्रीविद्यांच्या दवाखान्यात निघालो. वाटेत आईनं विचारलं, “मग हे नाहीतच का गं माझ्याजवळ?”

मी तिचा हात धरला. तो थरथरत होता, आणि आता मला त्या थरथरीची वेगळीच भीती वाटत होती.

डॉक्टरांनी आईला हात समोर धरायला लावले आणि वर एक कागद ठेवला. कागद पानासारखा हलला. नाडी मिनिटाला एकशेतीस, तीही अडखळत. “झोप येत नाही? घाम येतो? खाऊनही वजन जातं?” आई प्रत्येक प्रश्नाला मान डोलावत होती. रक्त तपासल्यावर कळलं, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करत होती. खाल्लेलं सगळं ती जाळत होती, हात तीच थरथरवत होती.

“औषध आहे,” सगळं ऐकून डॉक्टर मला म्हणाल्या. “पण संयोगिता, एकवीस गुरुवार थांबला असतात तर हृदयाचं काय झालं असतं, सांगता येत नाही.”

आज चार महिने झाले. आईचं वजन साडेतीन किलोनं वाढलंय. लोटा आता वाजत नाही. कधी कधी ती तो मुद्दाम कानाशी धरून बसते. मी तिला अडवत नाही.

घरातलं म्हातारं माणूस कारण नसताना वाळायला लागलं तर वय झालं म्हणू नका, आणि कुणी मागून खातंय असंही म्हणू नका. काट्यावर उभं करा, रक्त तपासा, आणि ते लवकर करा. गेलेल्यांची आठवण काढून हवं तेवढं रडा. पण जिवंतपणी आधी आम्हाला वाढून मग स्वतः जेवायला बसणाऱ्या माणसावर, तो मेल्यावर बायकोच्या तोंडचा घास पळवतो असा आळ आम्ही घेतला. अण्णा असते तर हसून सोडून दिलं असतं. मला अजून सोडून देता येत नाही.