पाचवा ससा

विनया मोघ्यांना शंका हा प्रकार फारसा ठाऊक नव्हता. सांगलीहून लखनौला औषधसंशोधनाच्या नोकरीवर येऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती, पण "बघू", "जमेल कदाचित" असली भाषा त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती. म्हणून पहिल्या खेपेचे आठही ससे नापास झाले तेव्हा त्या छाती ठोकून म्हणाल्या, "फिल्म चांगलीच आहे. चुकतंय ते दुसरीकडे." लोक पाठीमागे हसले. हसोत बापडे!

फिल्म म्हणजे नखाएवढी पातळ, पारदर्शक पट्टी. तिरळ्या डोळ्याच्या ऑपरेशनात स्नायू सोडवून दुसऱ्या जागी शिवतात, पण जखम भरताना व्रण धरतो आणि स्नायू तिथेच चिकटून बसतो. मग पुन्हा ऑपरेशन, आणि तो गुंता सोडवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. विनयाताईंची पट्टी स्नायूखाली बसून सहा आठवडे थोडं थोडं औषध सोडणार होती, व्रण धरूच नये म्हणून. सशाच्या एका डोळ्यात औषधाची पट्टी, दुसऱ्यात साधी. कुठली कुठे, ती यादी संचालक दीक्षितजींच्या कपाटात, बंद लिफाफ्यात. दुसरी खेपही फसली तर काम बंद, असं दीक्षितजींनी स्वच्छ सांगितलं होतं.

या वेळी विनयाताई पहिल्यांदाच ऑपरेशन बघायला गेल्या. सर्जन होते डॉ. श्रीरंग वाघमारे. वडील रेल्वेत, बालपण चारबागच्या क्वार्टरमध्ये, तीस वर्षं तिरळे डोळे सरळ करणारा आणि मराठी बोलताना निम्म्यात हिंदीवर घसरणारा माणूस. त्यांनी चिमट्याने दोन्ही पट्ट्या उचलल्या आणि सलाइनच्या वाटीत सोडल्या.

"थांबा! हे काय करताय?"

"धुतोय. डोळ्यात कोरडी चीज मी कधी घातलीच नाही, विनयाजी. तीस साल की आदत है."

"मागच्या खेपेलाही?"

"हाँ, सगळ्या."

विनयाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. दोन मिनिटं भिजली की बहुतेक औषध वाटीतच राहणार! त्यांच्या सूचनापत्रात 'कोरडी' हा शब्दच नव्हता. औषधवाल्यांना तो लिहायची गरज वाटली नव्हती आणि डॉक्टरांना विचारायची. डॉक्टरांचा राग आला, त्याच्या दुप्पट स्वतःचा आला. जादा जोडी एकच होती, ती तिथेच खर्ची पडली. चार ससे त्यांच्या डोळ्यांदेखत कोरड्या पट्टीने झाले. मग त्यांना हजरतगंजला बैठक होती, त्या गेल्या.

सहा आठवड्यांनी परीक्षा. तपासायला डॉ. अबोली, जिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती स्नायूखाली हूक सरकवून पाहायची आणि दीक्षितजी रजिस्टरात लिहायचे. पहिला ससा, उजवा मोकळा, डावा चिकटलेला. दुसऱ्यात डावा मोकळा. तिसरा, चौथा, प्रत्येकात एक डोळा मोकळा! विनयाताईंना हसू आवरेना.

"पाँचवाँ," अबोली म्हणाली. "दोनों चिपके हैं, सर. बुरी तरह."

विनयाताईंचं हसू थांबलं. आपणच चुकलो असू तर? चौदा वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला. पुढचे तीन ससे पुन्हा चांगले निघाले, पण दाताखाली खडा लागायचा तो लागलाच.

दीक्षितजींनी पेन ठेवलं. "तो लिख दूँ कि दवा का भरोसा नहीं?"

भिंतीशी उभे असलेले वाघमारे पुढे आले. "पाचवी जोडी वाटीत गेली. विनयाजी निघाल्या आणि हात आपोआप... निकाली तब तक देर हो गई थी. दुसरी जोडी नव्हती."

जित्याची खोड, दुसरं काय! विनयाताई ते बोलणारच होत्या, पण दीक्षितजींचा आवाज आधी चढला. "आज बता रहे हैं? नतीजा देखकर?"

"आज नाही. त्याच दिवशी चिठ्ठी बंद करून तुमच्या ऑफिसात दिली, लिफाफ्याला जोडायला. आधी कुणी वाचली असती तर तपासणीच खोटी पडली असती."

लिफाफा फोडला. सातही मोकळे डोळे औषधाच्या पट्टीचे होते! लिफाफ्याला टाचलेली बंद चिठ्ठीही उघडली, तिच्यावर बाहेरून सहा आठवड्यांपूर्वीचा ऑफिसचा शिक्का होता. 'पाचवी जोडी सवयीने भिजवली. चूक माझी.'

दीक्षितजींनी ती दोनदा वाचली. वाघमारे खाली बघत होते. "पाँचवें को छोड़ देते हैं," दीक्षितजी मऊ होऊन म्हणाले. "सात काफी हैं. डॉक्टरसाहब का नाम भी नहीं आएगा."

सात पुरेसे होते, काम वाचलं होतं. आणि एवढ्या मोठ्या माणसाची मान खाली गेलेली बघून विनयाताईंना खरंच वाईट वाटत होतं. तरी त्या म्हणाल्या, "नाही. भिजली की चालत नाही, हे पाचव्यानेच दाखवलं. तो लिहायचाच. 'कोरडी' लिहायला मी विसरले, तेही लिहा." मग त्या वाघमाऱ्यांकडे वळल्या. "डॉक्टरसाहेब, तुमचं नाव मात्र तुम्ही म्हणाल तसं."

वाघमाऱ्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं आणि पाचव्या ओळीसमोर, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरात, आपलं पूर्ण नाव लिहिलं.