शाबूत काच

आर्किटेक्ट म्हटला की लोकांना वाटतं, हा काहीतरी नवीन बांधणार. या आर्किटेक्टनं गेल्या अठरा वर्षांत साधा कट्टासुद्धा नवीन बांधला नव्हता. त्याचं काम जुन्या प्रार्थनाघरांचं. कुठे छताचं लाकूड कुजलंय, कुठे कमानीचा दगड सुटलाय, कुठे भक्तांनीच प्रेमापोटी दोनशे वर्षांच्या दगडाला ऑइलपेंट फासलाय. म्हातारी इमारत आणि म्हातारा माणूस सारखेच, असं तो म्हणायचा. उगाच कापाकापी करू नये, लक्ष ठेवावं. त्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. ती म्हणायची, "लक्ष ठेवण्यात एवढा हुशार आहेस, तर आपल्या न्हाणीघरातल्या नळावरही ठेव. महिनाभर गळतोय." तो हसायचा, आणि नळ गळत राहायचा.

आता ज्या प्रार्थनाघराची ही गोष्ट, ते उताराच्या टोकाला होतं. दगडी, उंच, आत तीनशे माणसं आरामात बसतील एवढं. त्याच्या मागच्या भिंतीला खिडकीपासून वर छतापर्यंत एक तडा गेलेला. तडा जुना की नवा, थांबलेला की चालता, हे नुसतं बघून कुणाच्या बापाला कळत नाही. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं दोन बाजूंना प्लास्टरनं चिकटवायची. भिंत केसभर हलली तरी काच फुटते. फुटली नाही तर भिंत गप्प आहे. आर्किटेक्ट यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तसल्या पट्ट्या वापरायचा. कुठून आणायचा, हे बायकोच्या शाळेच्या प्रयोगशाळेला विचारू नये.

त्यानं शिडीवर चढून तीन पट्ट्या लावल्या, त्यावर पेननं तारीख घातली. खाली शिडी धरून दारकाका उभे होते. दारकाकांचं खरं नाव लोक विसरले होते. चाळीस वर्षं रोज पहाटे ते प्रार्थनाघराचं दार उघडत, झाडलोट करत, आणि मागच्या अंगाला चिकटलेल्या एका खोलीत काकूंबरोबर राहत. दार उघडायचे म्हणून दारकाका. त्यांना एकच धास्ती होती. शेजारच्या गावातलं प्रार्थनाघर 'सहा महिने दुरुस्तीसाठी' म्हणून बंद झालं, त्याला अकरा वर्षं झाली. आत आता फर्निचरचं गोदाम आहे. तिथला झाडलोट करणारा काकांचा दोस्त. बंद झाल्यावर मुलाकडे राहायला गेला आणि दीड वर्षात खंगून गेला.

"साहेब, ही पट्टी कशासाठी?" काकांनी विचारलं.

आर्किटेक्टला दुसरीकडे जायची घाई होती. घाईत माणूस सोपं बोलतो, आणि सोपं बोललेलं फार दिवस टिकतं. तो म्हणाला, "काका, ही काच शाबूत आहे तोवर तुमचं दार उघडं. फुटली, की बंद करावं लागेल."

"म्हणजे शाबूत राहिली पाहिजे."

"एवढंच."

वर त्यानं आणखी शहाणपण केलं. उरलेल्या सहा पट्ट्या आणि प्लास्टरची पिशवी परत कोण वाहून नेणार, म्हणून झाडूच्या कपाटात ठेवून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुणाला कळलं नाही.

दर चार महिन्यांनी तो यायचा. गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून शिडीऐवजी दुर्बीण आणायचा. खाली उभा राहून तिन्ही पट्ट्या बघायचा, तारखा वाचायचा. शाबूत. मग अहवालात लिहायचा, 'भिंत स्थिर आहे', खाली सही. प्रार्थनाघराच्या समितीचे अध्यक्ष खूश, कारण भिंत स्थिर असली की वर्षभर तीनशे माणसांना कुठे बसवायचं हा प्रश्न नाही. काका खूश, कारण दार उघडं. असे सात अहवाल झाले. उंटावरून शेळ्या हाकणं किती सोयीचं असतं, हे ज्यानं हाकल्या त्यालाच ठाऊक.

आठव्या खेपेला तो दुर्बीण घरी विसरला.

दुपार होती. दुसऱ्या दिवशी आठवड्याची मोठी प्रार्थना, म्हणून काका बाकं पुसत होते. आर्किटेक्टनं कोपऱ्यातली शिडी ओढली तसे ते फडकं टाकून आले.

"कशाला चढता साहेब? मी रोज सकाळी धूळ पुसतो की. तिन्ही ठीक आहेत."

"आलोच आहे तर बघतो."

"गुडघे दुखतील."

"काका, शिडी धरा."

काकांनी शिडी धरली. खालच्या दोन पट्ट्या व्यवस्थित होत्या. तिसरी, सगळ्यात वरची, त्यानं जवळून बघितली. ती जाड होती. कडा हिरवट, हातानं कापलेल्या, ओबडधोबड. तारीख बरोबर होती, पहिल्या दिवसाचीच, अक्षर मात्र त्याचं नव्हतं. आणि एका बाजूचं प्लास्टर दगडावरून सुटलं होतं. मधल्या फटीत त्याचं नख सहज गेलं. काच शाबूत होती. भिंत तिला सोडून निघाली होती.

तो खाली उतरला. काकांनी अजून शिडी सोडली नव्हती.

"काका, ही काच माझी नाही."

काकांनी शिडी सोडली. मग म्हणाले, "कपाटातल्या संपल्या."

"किती फुटल्या?"

"सात."

खरं सांगायचं तर पहिला विचार आर्किटेक्टच्या मनात तीनशे माणसांचा आलाच नाही. पहिला आला तो सात अहवालांचा आणि खालच्या सात सह्यांचा. सगळं मुसळ केरात. तीनशे माणसं नंतर आठवली, आणि मग त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो काकांवर चिडला.

"तुम्ही काय करून बसलात, कळतंय का? लोक बसतात इथं. लहान पोरं बसतात."

"तुम्ही म्हणाला होता, शाबूत राहिली पाहिजे," काका म्हणाले. ते सबब म्हणून सांगत नव्हते. घडलं तसं सांगत होते. "पहिल्यांदा फुटली तेव्हा मला वाटलं, काचच भिंतीला धरून ठेवते. म्हणून लगेच दुसरी लावली. दुसरी फुटली तेव्हा कळलं, काच काही धरत नाही. तिसरीपासून मी जाणूनबुजून केलं."

आर्किटेक्टनं विचारलं, "फुटलेल्या टाकून दिल्यात?"

"टाकायच्या कुठे? कचरा न्यायला येतो तो चौकस आहे. घरात आहेत."

काकांची खोली एका दमात बघून होईल एवढीच. पलंग, स्टोव्ह, कपड्यांची दोरी, भिंतीवर काका-काकूंचा लग्नातला फोटो. फोटोच्या चौकटीला काच नव्हती आणि कागदाचा एक कोपरा उन्हानं वळला होता. आर्किटेक्टनं तिकडे बघितलेलं काकूंनी बघितलं.

"मी यांना म्हटलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, काच काढताय ती काढताय, आमचा मेला फोटो तरी उन्हातून हलवा. आमचं कोण ऐकतंय." आणि त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढून त्याच्या पुढ्यात ठेवला.

आत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या सात पुड्या होत्या. कुणाचं बोट कापू नये म्हणून काका फुटलेली काच त्या दिवशीच्या ताज्या पेपरात गुंडाळून ठेवत. पेपर प्रार्थनाघरात रोज यायचा. पुडीपुरता पहिल्या पानाचा वरचा भाग फाडून घ्यायचे, कारण आतली पानं लोक वाचायला मागत. आर्किटेक्टनं एक पुडी उलगडली आणि काचेकडे न बघता कागदाकडे बघत बसला. वरच्या कोपऱ्यात तारीख छापलेली होती.

त्यानं सातही कागद सोडले, हातानं सपाट केले आणि पलंगावर तारखेप्रमाणे ओळीनं मांडले. दोन वर्षं सात महिने ज्या हिशोबासाठी तो हेलपाटे घालत होता, तो हिशोब या खोलीत बिस्किटांच्या डब्यात पडून होता. आणि तो ठेवला होता लपवणाऱ्यानं.

"पहिली फुटायला किती दिवस लागले?" त्यानं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं.

काका वाकून तारखा वाचू लागले आणि बोटांवर मोजू लागले. "अकरा महिने. मग आठ. मग सहा." त्यांचं बोट पुढच्या कागदावर गेलं. "तीन महिने." मग ते जरा थांबले. "सहा आठवडे. तीन आठवडे." शेवटच्या कागदाशी त्यांनी दोनदा मोजलं. "बारा दिवस."

"आणि फोटोची काच कधी लावलीत?"

"नऊ दिवस झाले."

काकूंनी स्टोव्ह बंद केला. चहा ठेवला होता तो तसाच राहिला. आर्किटेक्टला समजावून सांगायला शब्द होते, पाया, उतार, जमिनीत मुरणारं पाणी, सगळं सांगता आलं असतं. पण काका अजून त्या कागदांकडेच बघत होते. चाळीस वर्षं रोज दार उघडणाऱ्या माणसाला बारा दिवस म्हणजे काय हे दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

"उद्या लोक येणार," काका म्हणाले.

"हो."

"बंद केलं तर परत उघडेल का?"

असल्या प्रश्नाला आर्किटेक्टकडे अठरा वर्षांचं तयार उत्तर होतं. सहा महिने काका, फार तर आठ, काळजी करू नका. ते त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. काकूंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याला ते गिळावं लागलं.

"माहीत नाही, काका. वरचा भार उतरवावा लागेल, पाया बघावा लागेल. उघडावं म्हणून मी जिवाचं रान करीन. पण उघडेलच, असं मला सांगता येत नाही."

काकांनी मान हलवली. मग ते उठले, कपड्यांच्या दोरीमागे खिळ्याला लावलेली किल्ली घेतली आणि बाहेर गेले. आर्किटेक्ट मागोमाग गेला, पण प्रार्थनाघराचं दार ओढताना त्यानं हात लावला नाही. ते काकांनीच ओढलं.

संध्याकाळी त्यानं अध्यक्षांना फोन केला. अध्यक्ष भडकले, "अहो, गेल्या खेपेपर्यंत स्थिर होती ना भिंत?" तो म्हणाला, "मी चुकलो. सकाळी लेखी देतो." मग तो घरी जेवणाच्या टेबलावर आठवा अहवाल लिहायला बसला. तारखा घातल्या, अंतरं घातली, तातडीनं टेकू द्यावेत असं लिहिलं. काकांची खोली समितीच्या मालकीची होती. समितीला कळलं, तर तो म्हातारा आणि म्हातारी त्याच दिवशी रस्त्यावर. आर्किटेक्टनं विचार करून एक वाक्य तयार केलं.

बायकोनं खांद्यावरून वाचलं. "'पट्ट्या वेळोवेळी बदलल्या गेल्या.' कुणी बदलल्या?"

"बदलल्या गेल्या."

"आपोआप? काच म्हणजे काय पाल आहे, शेपूट तुटलं की नवीन यायला?"

"म्हाताऱ्याला घर नाहीये दुसरं."

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. थोड्या वेळानं म्हणाली, "त्याचं नाव नको घालूस. पण तुझं कुठे दिसत नाही यात." तो म्हणाला, खाली सही आहे की. ती म्हणाली, "सही तर सातही अहवालांवर होती." आणि झोपायला गेली.

सकाळी तो दोरी आणि फलक घेऊन लवकर गेला, तरी त्याला उशीरच झाला होता. लोक यायला लागले होते. बंद दारासमोर वरच्या पायरीवर दारकाका उभे होते, धुतलेला सदरा घालून, आणि येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते. आवाज चढवून नाही, पत्ता सांगावा तसं.

"आत जायचं नाही. भिंत हलतेय. काच फुटून ते सांगत होती आणि मी चोरून बदलत होतो. पावणेदोन वर्षं."

एकदा सांगून थांबले असते तर तेवढ्यावर भागलं असतं; ऐकणाऱ्यांनी पुढच्यांना सांगितलं असतं. पण काका प्रत्येकाला स्वतः सांगत होते. दोन पोरांना घेऊन आलेल्या एका बाईनं ते ऐकलं, दोन्ही पोरांची मनगटं घट्ट धरली आणि पायऱ्या उतरली. काकांनी तिच्या पाठीकडे बघितलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. खोलीच्या दारात काकू उभ्या होत्या. एक गाठोडं बांधून झालं होतं, दुसरं बांधायचं चाललं होतं.

आर्किटेक्टच्या खिशात अहवाल होता, त्यात ते जपून केलेलं वाक्य होतं, आणि आता त्या वाक्याचा कुणालाच उपयोग नव्हता. तो दोरी हातात धरून बाजूला उभा राहिला. त्याला कुणी काही विचारत नव्हतं. तसाच उभा राहिला असता तरी चाललं असतं.

एका काठी टेकत आलेल्या गृहस्थांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं आणि काठी आर्किटेक्टकडे केली. "आणि हे तपासायला येत होते ना? यांना दिसलं नाही?"

"त्यांचा दोष नाही," काका म्हणाले. "मी त्यांना फसवलं."

आर्किटेक्टनं दोरी खाली ठेवली आणि पायऱ्या चढून काकांच्या शेजारी गेला. "फसवायला मी वर चढलो तर पाहिजे," तो म्हणाला. "मी सात वेळा आलो. सातही वेळा खाली उभं राहून बघितलं आणि भिंत ठीक आहे म्हणून सही केली."

गृहस्थ दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले, मग उतरून गेले. मागे अजून बरेच लोक होते. काका आपलं सांगत, आणि मग तो आपलं सांगे.