हर्षदाचा खर्ज

मी एक पेडल आहे. सायकलचं नव्हे, बेस गिटार, म्हणजे खर्जाचे सूर देणारी गिटार, वाजवणाऱ्याच्या पायाशी असतं ते. जाड पत्र्याची छोटी पेटी, वर फिरवायची पाच बटणं, खाली पायाने दाबायचा स्विच आणि एक निळा दिवा. लोकांनी माझ्यावर कायम पायच ठेवला, पण त्याचं मला दुःख नाही. ज्याचं आहे, ते सांगतो.

पूर्वी गिटारचे अ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करणारे खोके काचेच्या व्हॉल्वचे असत. व्हॉल्व तापले की आवाजाला ऊब यायची. तार जोरात छेडली की सूर कडेला किंचित फाटायचा, आणि तेच कानाला गोड लागायचं. पण ते अ‍ॅम्प अवजड, महाग आणि नाजूक. म्हणून माझ्यासारखे जन्माला आले. आमच्यात एकही व्हॉल्व नाही. आम्ही फक्त त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो. नक्कल करायलाच मला घडवलं होतं, हे मी कधी लपवलं नाही.

मी आलो सरावली गावात, हर्षदाच्या घरी. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. शनिवार-रविवारी नितीनच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायची. डहाणूपासून तलासरीपर्यंत हळदी, लग्नं, साखरपुडे. नितीन कीबोर्ड वाजवायचा, काकड्या ड्रम. तिच्याकडे एक जुना मोठा अ‍ॅम्प होता आणि त्यावरून नितीनची दर कार्यक्रमाला कटकट चाले.

"अगं, टेम्पोत तुझा अ‍ॅम्प ठेवू की माणसं बसवू?"

म्हणून तिने मला मागवलं. माझ्यातून निघालेली वायर सरळ स्टेजच्या साउंड मिक्सरमध्ये जाते, अ‍ॅम्प लागतच नाही. मी आलो आणि तो बिचारा अ‍ॅम्प जिन्याखाली गेला. त्यावर झाडू-खराटे टेकवलेले पाहून मला तेव्हा गंमत वाटली होती. किती मूर्ख होतो मी!

सुरुवातीचे दिवस मात्र सुखाचे होते. शाळेतून आली की चहाचा कप बाजूला ठेवून ती माझी बटणं केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायची. एकदा तिचे वडील एकनाथराव, रेल्वेतून निवृत्त झालेला अबोल माणूस, पेपर खाली ठेवून म्हणाले, "आपल्या व्हॉल्वच्या रेडिओत बातम्या देणारा असाच बोलायचा बघ. आवाज थेट पोटात घुमायचा."

"मिळालं, पप्पा!" ती ओरडली. "हेच पाहिजे होतं."

पण खरं सांगू? तो आवाज माझा एकट्याचा नव्हताच. सूर नेमका कधी फाटू द्यायचा, हे तिची बोटं ठरवायची. नवरी मांडवात येताना ती तारेला इतकी हळू हात लावायची की माझी नक्कल नक्कल राहायची नाही. काकड्या ड्रमवरून मान डोलवायचा. त्या दोघांचं न बोलता जमायचं.

मग निवडणूक आली. हर्षदाला ड्यूटी लागली आणि नेमके दोन कार्यक्रम त्याच दिवसांत. नितीन घरी आला.

"पेडल देतेस का? कीबोर्डवर डाव्या हाताने खालचे सूर वाजवून ह्यातून काढतो. दोनच कार्यक्रम."

"अरे दादा, विचारतोस काय? घेऊन जा!"

एवढ्यावर ती थांबली नाही. नितीनचा आवाज बिघडू नये म्हणून लाल नेलपॉलिशने तिने प्रत्येक बटणापाशी ठिपका लावून दिला. "एवढ्यावरच ठेव हं. बाकी काही करायला नको." इतक्या दिवसांची तिची मेहनत तिने पाच ठिपक्यांत त्याच्या हातात दिली.

दोन कार्यक्रम झाले. तिसराही झाला. नितीनचं चारोटीला दुकान होतं, मी तिथेच राहिलो. तिचा फोन आला की तो म्हणायचा, "सध्या धंदा थंड आहे गं, काही असलं की कळवतो." आणि फोन ठेवून टेम्पो भरायला घ्यायचा. मी ऐकत होतो. तीन महिने ऐकलं.

मी तेव्हा बिघडायला हवं होतं. निदान खरखर तरी करायला हवी होती. पण माझी बांधणीच अशी, की वायर कोणीही जोडो, मी इमानाने वाजतो. माझ्या इमानाची मला पहिल्यांदा लाज वाटली.

तलासरीत एका दुपारी हळद होती. हर्षदाच्या शाळेतल्या सरिताबाईंच्या भावाचीच. हळदीची ताटली हातात घेऊन हर्षदा मांडवात शिरली आणि जागेवरच थांबली. तिने आधी मला पाहिलं नाही, ऐकलं. गाणं संपताच ती स्टेजवर आली.

"धंदा थंड आहे ना, दादा?"

नितीनने घाम पुसला. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. एक माणूस कमी झाला की परवडतं. आणि आवाज तर तोच येतोय ना?"

"मी लावून दिलाय तो."

"कोणी लावला, कोणी वाजवला, हे खाली नाचणाऱ्यांना कळतं का?" असं म्हणून त्याने पुढचं गाणं सुरू केलं.

हर्षदा खाली वाकली. तिने माझ्या दोन्ही वायरी उपटल्या. स्पीकरमधून मोठ्ठा 'ठप्प' आवाज झाला आणि गाण्यातला खर्ज निघून गेला. तिने मला पदराखाली धरलं. नाच थांबेल, कोणीतरी विचारेल, अशी तिला आशा असावी. मला तर नक्कीच होती.

कोणीही थांबलं नाही. नितीनचं बोलणं शब्दशः खरं ठरलं. फक्त काकड्याची काठी एक ठोका चुकली. त्याने हर्षदाकडे पाहिलं, मग मान खाली घालून वाजवत राहिला.

आठवड्याने काकड्या सरावलीला आला. ओटीवर बसला, पाणी प्यायला. "ताई, तुम्ही नाय तर हात अडखळतो."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"त्या कीबोर्डात ड्रम पण हाय ना, ताई." तो एवढंच म्हणाला. हर्षदा त्याच्यावर रागावू शकली नाही, आणि माफही करू शकली नाही. पावसाळ्याआधी नितीनने खरंच कीबोर्डातले ड्रम सुरू केले. काकड्या आता अच्छाडला धाब्यावर काम करतो, असं एकनाथराव सांगत होते.

हर्षदाने त्यानंतर गिटार हातात घेतली नाही. दिवाळीत ती गिटार वापीच्या कोणीतरी विकत नेली. त्याने मलाही पाहिलं, पण "हे सगळं आता मोबाईलवर येतं" म्हणून ठेवून दिलं. आता मी शाळेच्या जुन्या हजेरीपुस्तकांखाली, कपाटात आहे. एकनाथराव एकदा म्हणाले होते, "वाजव की गं थोडं." ती वह्या तपासत म्हणाली, "कशाला, पप्पा? नुसता आवाजच हवा असेल तर तो कुठेही मिळतो."

मला कोणी विकत घेतलंच, तर माझी एक विनंती आहे. माझ्या आवाजाची स्तुती करू नका. माझ्यात वायर खोचण्याआधी विचारा की टेम्पोत कोणाची जागा रिकामी झाली आहे. मला ते माहीत असतं, पण तेवढी एकच गोष्ट मला वाजवून सांगता येत नाही.